दारू आधी की मन आधी?

पाचगणीच्या एशिया प्लॅटो या संकुलात वर्षभर शिबिरं चालू असतात. कारखान्यांचे अधिकारी येतात, शिक्षक येतात, सरकारी नोकर आणि कॉलेजची मुलं येतात. सकाळी थोडा वेळ गप्प बसायचं, मनात येईल ते वहीत लिहायचं, गटात मोकळेपणानं बोलायचं आणि आपल्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल तर त्याच्यासमोर जाऊन ते कबूल करायचं, अशी इथली रीत. महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात हे केंद्र उभारलं, ते ‘मॉरल री-आर्मामेंट’ या चळवळीसाठी. फ्रँक बुकमन या अमेरिकन धर्मोपदेशकानं सुरू केलेल्या या चळवळीचं 1938पर्यंतचं नाव ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ असं होतं.

दारूच्या इतिहासात या ऑक्सफर्ड ग्रुपचं नाव वेगळ्याच कारणासाठी घेतलं जातं. 1935 सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा, धंद्यात बुडालेला शेअरबाजारातला माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात डॉ. बॉब स्मिथ या सर्जनला भेटला. दोघेही पक्के दारुडे. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांशी संबंध आलेला. बिलची दारू सुटून पाच महिने झाले होते आणि एका दारुड्याला सावरायचं तर दुसऱ्या दारुड्याशी बोलणं हाच मार्ग, असं त्याला उमगू लागलं होतं. या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आज महाराष्ट्रातही ठिकठिकाणी मीटिंगा भरवणारी ‘एए’, जन्माला आली. आपल्या चुकांचा हिशेब मांडणं, तो दुसऱ्यासमोर वाचणं, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करणं, अशा एएच्या बारा पायऱ्यांतल्या कितीतरी गोष्टी ऑक्सफर्ड ग्रुपमधून आलेल्या. पुढं एए आणि ऑक्सफर्ड ग्रुप यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पण पाचगणीच्या टेबललँडच्या परिसरात शिबिराला बसणारे आणि एखाद्या शाळेच्या वर्गात संध्याकाळी एएच्या मीटिंगला बसणारे हे दूरचे भाऊबंद आहेत, एवढं खरं.

ही गोष्ट इथंच संपवली तर छान प्रेरक कथा होते. पण बिल विल्सनच्या आयुष्यात पुढं जे घडलं, ते प्रेरक कथांत सहसा येत नाही. डिसेंबर 1934 नंतर तो मरेपर्यंत, म्हणजे 1971पर्यंत, दारूला शिवला नाही. तरीही 1944पासून पुढची अकरा वर्षं त्याला नैराश्याचे तीव्र झटके येत राहिले. काही दिवस तर जगाला दारूमुक्तीचा रस्ता दाखवणारा हा माणूस डोकं हातात धरून टेबलापाशी नुसता बसून राहायचा. त्यानं मानसोपचार घेतले. तेव्हा एएच्या काही सभासदांना ते खटकलं. बारा पायऱ्या नीट चालत असशील तर मानसोपचारतज्ज्ञ कशाला, असा त्यांचा सवाल होता.

दारू सुटली होती आणि आजार राहिला होता. म्हणजे मुळात आजार दोन होते.

आता अमेरिका सोडून पसरणीचा घाट उतरून खाली वाई तालुक्यात येऊ. पंचविशीतला एक तरुण डोळ्यांपुढे आणा. हा कुणी एक खरा माणूस नाही, पण सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत अशी कहाणी पुनःपुन्हा ऐकू येते. वाई-जावळीकडच्या अनेकांसारखा तोही मुंबईला गेला, माथाडीत किंवा एखाद्या गोदामात लागला. खोलीत आठ-दहा जण. काही महिन्यांनी शेजारचे लोक आपल्याबद्दलच कुजबुजतात असं त्याला वाटू लागलं. रात्री झोप लागेना. एक क्वार्टर पोटात गेली की आवाज थोडे दबायचे. मग क्वार्टरची हाफ झाली, काम सुटलं आणि भावानं त्याला एसटीत बसवून गावी धाडलं.

गावात निदान तयारच होतं: दारूनं डोकं फिरलंय. आई आधी देवऋषाकडे गेली, मग मांढरदेवला काळूबाईला नवस बोलली. वडिलांनी पंढरीची माळ घालायला लावली. चार दिवस दारू बंद झाली आणि तो चळाचळा कापू लागला, भिंतीवर किडे दिसू लागले. गावातल्या दवाखान्यात सलाईन लागलं. पुढं भिंतीवरच्या ‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिरातीवरून पुडी आली, ती चहातून दिली गेली. शेवटी एका व्यसनमुक्ती केंद्राचा फोन मिळाला. तिथं सांगण्यात आलं, ‘याला मानसिक आहे, आमच्याकडे जमणार नाही.’ मानसोपचाराच्या दवाखान्यात उत्तर मिळालं, ‘आधी दारू सोडवून आणा, मग बघू.’

ही दोन उत्तरं देणारे लोक दुष्ट नसतात. त्यांना शिकवलेलंच तसं असतं. जगभर अनेक दशकं हाच नियम होता: आधी एक आजार संपवायचा, मग दुसऱ्याला हात घालायचा. पण आवाज ऐकू येत असताना दारू सुटत नाही आणि दारू चालू असताना आवाजांवरच्या गोळ्या नियमित घेतल्या जात नाहीत. मग पेशंट कुठल्याच दारातून आत जात नाही.

नशेनं वेड लागतं की वेडामुळं माणूस नशेला लागतो, हा वाद आजचा नाही. 1893–94 साली ब्रिटिश सरकारनं ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं. गांजा-भांगेमुळं वेड लागतं आणि वेड्यांची इस्पितळं गंजेकऱ्यांनी भरली आहेत, अशी ओरड लंडनपर्यंत पोचली होती. कमिशननं इस्पितळांच्या नोंदी घेतल्या आणि एकेक प्रकरण पुन्हा तपासलं. तेव्हा एक गंमत बाहेर आली. रुग्णाला आणणाऱ्या पोलिसानं फॉर्मवर ‘कारण’ या रकान्यात गांजा लिहिला की इस्पितळातही तेच कारण पुढं चढायचं. माणूस गांजा ओढत होता, एवढ्यावरून वेडाचं कारण ठरायचं. फेरतपासणीत अशा निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. गांजा अगदी निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही; लहान वयात आणि भरपूर गांजा ओढणाऱ्यांत गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो, हे नंतरच्या संशोधनात दिसलं आहे. पण तो पोलिसी रकाना अजून आपल्या डोक्यात शाबूत आहे. पिणारा माणूस वेड्यासारखा वागला की कारण एकच लिहिलं जातं.

प्रत्यक्षात हे दोन आजार एकत्र येण्याचं प्रमाण किती असतं? 1990 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. तिच्यात स्किझोफ्रेनिया असलेल्या सुमारे 47 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूच्या किंवा इतर नशेच्या व्यसनाचा आजार झालेला होता. बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद-नैराश्याच्या लाटांमध्ये, हा आकडा 56च्या आसपास गेला. उलट बाजूनं पाहिलं तर दारूचा आजार असलेल्यांपैकी सुमारे 37 टक्क्यांना कुठला तरी मानसिक आजारही होता. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे सातारा-सांगलीला लावायचं कारण नाही. मुद्दा एवढाच की दोन्ही आजार एकत्र असणं हा अपवाद मानून चालत नाही.

यामागचं शरीरशास्त्र गुंतागुंतीचं आहे, पण त्याचा व्यवहारात उपयोग होण्याजोगा भाग सांगता येतो. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो, स्वतःला सतत चेतवत ठेवतो. दारू एकदम थांबली की ही चेतना मोकाट सुटते. सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना वेळकाळाचं भान राहत नाही, नसलेले प्राणी दिसतात, ताप चढतो. यालाच डॉक्टर मंडळी ‘डीटी’ म्हणतात. त्यात जीव जाऊ शकतो, म्हणून माळ घालून घरी दारू एकदम बंद करणं अट्टल पिणाऱ्याला धोक्याचं असतं. सलाईनचंही तसंच. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, खालावलेलं असतं. ते इंजेक्शननं न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, स्मरणशक्ती जाऊ शकते. अनेक गावांत ‘पिऊन पडलाय, सलाईन लावा’ हेच चालतं. थायमिनचं इंजेक्शन काही महाग नसतं.

चहातल्या पुडीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. अशा औषधांत अनेकदा डायसल्फिराम असतं. 1940च्या दशकात कोपनहेगनच्या संशोधकांना त्याचा हा परिणाम योगायोगानं सापडला. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. समजून-उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं तर ते अनेकांना उपयोगी पडतं. गुपचूप दिलं तर जीवघेणं ठरू शकतं. शिवाय ते मेंदूतल्या डोपामिनच्या व्यवहारात ढवळाढवळ करतं, म्हणून ज्याला भास होतात त्याचे भास वाढू शकतात. म्हणजे आपल्या वाईच्या तरुणाला घरच्यांनी प्रेमापोटी दिलेलं औषध नेमकं त्याचा दुसरा आजार भडकवणारं होतं.

उलट गोष्टीही आहेत. दारूत बुडालेल्या माणसाला आलेलं नैराश्य पुष्कळदा दारू सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत आपोआप निवळतं. त्यामुळं पहिल्याच दिवशी जन्मभराचा शिक्का मारायचा नसतो. तंबाखूचंही गणित बघण्यासारखं आहे. विडी-सिगारेटच्या धुरामुळं यकृत काही मनोविकारांवरची औषधं, उदाहरणार्थ क्लोझापिन, भराभर निकामी करतं. पेशंटनं वॉर्डात विडी सोडली की तोच डोस जड होऊ शकतो. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे. त्यामुळं तंबाखू-चुना मळणाऱ्याला किंवा मिसरी लावणारीला तो लागू नाही. एवढं बारीक लक्ष ठेवायचं तर नशा सोडवणारा आणि मनाची औषधं देणारा एकमेकांशी बोलायला हवेत. खरं तर एकाच खोलीत बसायला हवेत.

नेमकं हेच अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीपासून करून पाहिलं. एकच टीम, एकच जागा, एकाच वेळी दोन्ही उपचार. पेशंटची तयारी नसेल तर त्याला हाकलायचं नाही. आधी ओळख वाढवायची, मग मन वळवायचं, मग दारू सोडवायची, मग पुन्हा घसरू नये म्हणून बरोबर राहायचं. या पद्धतीचा गवगवा भरपूर झाला. पण जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या 2019च्या कॉक्रेन आढाव्याला अमुक एकच पद्धत इतरांपेक्षा सरस ठरवणारा भक्कम पुरावा मिळाला नाही. उत्साही मंडळींनी हे लपवू नये. एकत्र उपचारांत जादू नाही. पेशंट दोन दारांच्या मधे हरवत नाही, हाच त्यांचा मोठा गुण.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात एका मनोरुग्णालयाच्या आवारात झाली, हे फारसं कुणी अधोरेखित करत नाही. 1980च्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राउन शुगरनं, म्हणजे गर्दनं, थैमान घातलं. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. 29 ऑगस्ट 1986 रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. कुटुंबाला सामील करून घेणं, बायकांसाठी वेगळा गट, बरे झालेले पेशंटच कार्यकर्ते होणं आणि या सगळ्याच्या पाठीशी मानसोपचाराचं शास्त्र, हा मेळ तिथं बसला.

साताऱ्यात हा धागा डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उचलला. मिरजेच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले दाभोलकर महाराष्ट्राला अंधश्रद्धा निर्मूलनासाठी ठाऊक आहेत. 1991 साली त्यांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीसाठी काम करणारी संस्था सुरू केली, ते मात्र त्यामानानं कमी बोललं जातं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचे पुत्र डॉ. हमीद दाभोलकर मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि परिवर्तनचं काम व्यसनापुरतं न राहता मानसिक आजारांकडेही वळलं आहे. ‘मानसमित्र’ हा त्यातला लक्षात घेण्याजोगा उपक्रम. साध्या माणसांना शिकवून तयार करायचं. त्यांनी ऐकून घ्यायचं, भावनिक प्रथमोपचार द्यायचे आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. अंगात येणं, झपाटणं, करणी यांच्या आड लपलेला मानसिक आजार ओळखायचा तर देवऋषाची चेष्टा करून भागत नाही. त्याच्या दारात रांग का लागते हे कळावं लागतं. देवऋषी जवळ असतो, आईचं पूर्ण ऐकून घेतो आणि दारू व मन असे दोन केसपेपर काढायला लावत नाही. ही शेवटची गोष्ट सरकारी आरोग्यसेवेनं त्याच्याकडून जरूर शिकावी.

शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं तर साध्या माणसांना शिकवून तयार करण्याच्या कल्पनेची रीतसर परीक्षा घेतली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक बसवले. हेच समुपदेशक तीव्र नैराश्य असलेल्यांनाही भेटत आणि अति दारू पिणाऱ्या पुरुषांनाही. दारूसाठीच्या बैठका एक ते चार, म्हणजे अगदी मोजक्या. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्या सुमारे 42 टक्के पुरुषांनी आधीच्या दोन आठवड्यांत दारू घेतली नव्हती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण मात्र फारसं घटलं नाही. ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला मिळत नाही, म्हणून काहीच करता येत नाही, ही सबब त्यानंतर लंगडी पडली.

आणि पाचगणीला तर दोन आजार एका छपराखाली आणण्याचा चांगला अनुभव आहे. डॉ. रुस्तम बिलिमोरियांनी 1912 साली इथं ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. थंड कोरडी हवा, विश्रांती आणि खुराक एवढाच तेव्हा क्षयावरचा इलाज. पुढं औषधं आली, आरोग्यधामांची गरज ओसरली. मग एचआयव्ही आला. क्षय आणि एचआयव्ही एकमेकांचा हात धरून येतात, एकावर उपचार करून दुसऱ्याकडे डोळेझाक केली तर पेशंट दगावतो. रेड क्रॉसच्या या रुग्णालयानं एचआयव्ही असलेल्यांना दारं उघडली. देशपातळीवरही दोन वेगळे सरकारी कार्यक्रम हळूहळू एकमेकांच्या पेशंटची तपासणी करू लागले. क्षयाच्या पेशंटला एचआयव्हीची चाचणी सुचवणं आज कुणालाच विचित्र वाटत नाही. मग दारूसाठी दाखल झालेल्याला ‘आवाज ऐकू येतात का, जीव द्यावासा वाटतो का’ हे विचारणं, आणि नैराश्यासाठी आलेल्याला ‘किती पिता’ हे विचारणं विचित्र का वाटावं?

कायदा निदान आता आड येत नाही. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनी लोकांसाठी वेगळी मनोरुग्णालयं काढण्याची तरतूद होती, म्हणजे वेगळेपण कायद्यातच होतं. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018पासून लागू झाला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व नशेशी निगडित मानसिक स्थितींचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळं मारहाण करणारी, साखळीनं बांधणारी, डॉक्टरांशिवाय चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं ही नुसती वाईट राहिली नाहीत, बेकायदाही ठरली. पण कागदावर एक झालेलं सरकार दरबारी अजून दोन आहे. मानसिक आजार आरोग्य खात्याकडे, व्यसनमुक्ती मुख्यतः सामाजिक न्याय खात्याकडे. अनुदान वेगळं, तपासनीस वेगळे, रजिस्टरं वेगळी.

त्याची किंमत आकड्यांत दिसते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर पुरतं अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी फक्त एकाला कुठले तरी उपचार मिळाले होते. 2015–16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजाराबाबत उपचारांवाचून राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 86 टक्के निघालं. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण वेगळे आहोत असं मानायला आधार नाही.

हेल्पलाइनही दोनच आहेत. मानसिक आरोग्यासाठी आरोग्य खात्याची टेली-मानस, क्रमांक 14416. व्यसनमुक्तीसाठी सामाजिक न्याय खात्याची हेल्पलाइन, क्रमांक 14446. फरक एका आकड्याचा. घरात कुणी पीत असेल आणि त्याचं मनही ठिकाणावर नसेल, तर कुठलाही एक लावा. पण बोलताना दोन्ही गोष्टी सांगा. दवाखान्यात गेलात तर मानसोपचारतज्ज्ञापासून दारू लपवू नका आणि व्यसनमुक्ती केंद्रापासून चालू असलेल्या गोळ्या लपवू नका. ‘आधी ते बरं करून या’ असं कुणी म्हणालंच, तर दुसऱ्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी लिहून मागा आणि ती घेतल्याशिवाय उठू नका.